पालकाची खुर्ची

माह्यं माहेर अकोटच्या बाजूचं, लहानसं खेडं हाय, एसटी फाट्यावर सोडते आन् मंग वावरावावरानं पायी जा लागते. माह्या आजानं दीक्षा घेतली, आन् गावात वापस येऊन पह्यलं काम कोनतं केलं तर माह्या बापाचा हात धरून त्याले शाळेत नेऊन बसवलं. हे गोष्ट आमच्या घरी इतक्या खेपा सांगतली गेली ना ताई, का मले वाटे हे मीच पाह्यलं. बाप थोडासा शिकला, मी सातवीपावतर शिकली, पुढची शाळा गावात नव्हती आन् अकोटले पोरीले एकटीले पाठवाले बाप भ्याला. लय रडली मी. तवा बाप म्हने, सुनंदा, माह्याच्यानं झालं तितकं मी केलं, आता राह्यलं ते तू तुह्या लेकराचं कर. म्हनजे पाहा, हे काम मले तवाच देल्लं व्हतं, लग्नाच्या पह्यले, लेकरू व्हाच्या पह्यले. म्हनून सांगून राहिली, पुढं जे झालं त्याची लाज मले जराशी जास्तच वाटते, दुसऱ्या कोन्या बाईले तितकी वाटली नसती कदाचित.

लग्न होऊन मी अकोल्यात आली, जुन्या शहरात, मोर्ना नदीच्या या अंगाले. घरवाला ऑटो चालवते, मानूस चांगला हाय, बोलते कमी. पोरगी एकच, प्रणाली. ते पह्यलीत गेली आन् त्याच वर्षी त्याच शाळेत मले खिचडी रांधाचं काम लागलं, महापालिकेची शाळा, आठवीपावतर. मी आन् शकीला, दोघी जनी. शकीला आमच्याच गल्लीच्या मांगं राह्यते, तोंडाची तिखट पन दिलाची साफ. सकाळी तांदूळ निवडा, दाळ शिजवा, लेकरायले वाढा, गंज-भांडे घासा, घरी जा. अंगाले वास राह्यते खिचडीचा, आंघोळ केली तरी राह्यते, प्रणाली लहान व्हती तवा माह्या पदरात नाक खुपसून म्हने, आई तुह्याजवळ शाळेचा वास येते. मोठी झाल्यावर म्हननं बंद केलं.

आता शाळेतली एक गोष्ट तुमी समजून घ्या, नाई तर माह्यं पुढचं येडेपन तुमाले समजनार नाई. शाळेत पालक सभा राह्यते. मायबाप येतात, खुर्च्या लावतात, सर एकेका लेकराचं नाव घेतात, त्याचा पालक उभा राह्यते, सर सांगतात हा बरा हाय, याचं ध्यान नाई. आन् सभा म्हनलं का चहा आला, आन् चहा कोन करन, मीच. पह्यल्या वर्षी मोठ्या बाई म्हनल्या, सुनंदा तर इथंच हाय, तिले काय बोलवाचं, प्रणालीचं आपन तिले कवाबी सांगू. तवापासून तेच चालू झालं. प्रणालीचं नाव आलं का सर दरवाज्याकडं पाहून हासत, मी तथी केटली घेऊन उभी, आन् सर म्हनत, पालक हजर हाय बरं, आन् पुढचं नाव घेत. सारे हासत, मीबी हासो. मले त्याचं भारीच वाटे, का पाहा, बाकीच्याइले उठून उभं राहा लागते, मी उभीच हाय. त्या सभेत खुर्चीवर मी कधीच बसली नाई. कोनी बसू देल्लं नाई असं नाई ताई, मलेच कधी सुचलं नाई.

प्रणाली गणितात हुशार निंघाली. आमच्या शाळेत मोठ्या वर्गायले एकच सर, इंगळे सर, गणितबी त्याइचंच, विज्ञानबी त्याइचंच, आन् मधात कोनतं सरकारी काम आलं का तेबी त्याइचंच. विज्ञानाचं सामान एका अलमारीत ठेवलेलं, काच फुटन म्हनून तिले कुलूप. मानूस मेहनती, त्याइले नाव ठेवाले जागा नाई. एक दिवस ते आमच्या खिचडीच्या खोलीच्या दारात येऊन उभे राह्यले, म्हने, सुनंदाबाई, तुमच्या पोरीले मी जे शिकवून राहिलो ते तिले पह्यलेच येते, मी मांगच्या बाकावरच्याइले समजवत राह्यतो आन् हे खिडकीबाहेर पाहत बसते, मले लाज वाटते बाई, माह्याजवळ तिच्यासाठी काही उरलंच नाई. सर असं म्हनतील असं मले वाटलं नव्हतं. मी आपली पळी हालवत राह्यली. मंग त्याइनं सांगतलं, मोठ्या शाळाइत म्हने सहावीपासूनच अशा लेकराचे अलग वर्ग राह्यतात, अलग पुस्तकं, अलग परीक्षा. आन् अमरावतीले एक संस्था हाय, ते आपल्यासारख्या शाळेतल्या लेकरायसाठीच हे चालवते, नववी दहावी दोन वर्षं, तथीच राहाचं, तथीच जेवाचं, गणित विज्ञान पुढचं पुढचं शिकवतात. म्हनलं मंग आपल्या शाळेतून कोनी गेलं का आजपावतर. सर म्हने, आपल्या शाळेले कोनी कळवलंच नाई, माह्या साळ्यानं सांगतलं म्हनून मले समजलं.

परीक्षा अकोल्यातच व्हती, एका मोठ्या शाळेत. पेपर देऊन पोरगी घरी आली तवा तिचं तोंड असं फुललेलं, मी म्हनलं सोपा गेला काय, ते म्हने, सोपा नव्हता आई, पन तथच्या पोरी पेपर झाल्यावरबी त्याच गणितायचं बोलत व्हत्या, कोनी म्हने मी असं केलं, कोनी म्हने मी तसं, आई मले वाटत व्हतं हे मले एकटीलेच आवडते. त्या दिवशी मले समजलं का आपली पोरगी आजपावतर एकटी व्हती. घरात आमी दोघं, शाळेत इतके लेकरं, आन् तरी एकटी व्हती. मंग पंधरवड्यानं सराइले फोन आला, प्रणाली पास झाली, आता अमरावतीले पालकाले घेऊन या.

तथचा नेम असा व्हता, का पोरीचं नाव घेतलं का पालकानं उभं राहाचं आन् साऱ्याइच्या समोर तोंडानं सांगाचं, मी दोन वर्षं पोरीले मधातून काढनार नाई. काहून तर पह्यले लय पोरी अर्ध्यातून नेल्या म्हने मायबापायनं, कोनाचं लग्न, कोनाचं काही. आन् पालक आला नाई तर नाव मांगं पडते, जागा दुसरीले जाते. सराइनं मले हे दोन खेपा सांगतलं. घरवाला म्हने, तूच जा, तू तर शाळेतच राह्यते, तुले समजते. मी वाक्य पाठ केलं. चुलीपाशी रोज म्हनो, मी सुनंदा, प्रणालीची आई, मी पोरीले मधातून काढनार नाई, तिले जितकं शिकाचं तितकं शिकू देइन. शकीला तथची मॅडम बने, पाटावर बसून कडक तोंड करे, म्हने, पालक आये क्या, आन् मी पळी ठेवून उभी राहो. आमी लय हासो. शकीला म्हने, आवाज निकाल, वहां खिचडी नहीं बाटना है तुझे.

पह्यल्या गाडीनं आमी मायलेकी निंघालो, मूर्तिजापूर, बडनेरा करत अमरावती. मी लग्नातलं लुगडं नेसली व्हती, पोरीनं दोन वेण्या घातल्या व्हत्या. मोठ्ठा हॉल, खुर्च्याइले पांढरं कापड घातलेलं. पोरीले पुढं नेऊन बसवलं, साऱ्या लेकरायले पुढं, आन् मायबाप मांगं. मी दारातच थांबली. त्या पांढऱ्या कापडाकडं पाह्यलं, वाटलं मी बसली तर मळन. बसलेले सारे मले सायब लोक दिसले. आता सांगतो, ते माह्यासारखेच व्हते, एक जन धोतरात व्हता, एक बाई तर माह्यापेक्षा फाटकी, पन ते मले तवा दिसलंच नाई. आन् बाजूच्या टेबलापाशी एक म्हातारीशी बाई एकटीच चहा ओतून राहिली व्हती, हात कापत व्हते तिचे. मी गेली, म्हनलं, सरा बाई, मी देतो. आन् ट्रे उचलला.

ट्रे हातात आला आन् मले बरं वाटलं ताई. हेच खरं हाय. श्वास मोकळा झाला. आता मले ठाऊक व्हतं कुठून चालाचं, कोनापुढं वाकाचं. समोर संस्थेच्या मॅडम माइक घेऊन उभ्या व्हत्या, त्या म्हनल्या, मावशी, आधी मागच्या रांगेला द्या. मी देल्ला. इतक्यात नावं सुरू झाली. मले वाटलं अकोल्याचं नाव उशिरा येइन, एवढी रांग संपवू. धोतरवाला उभा राह्यला, बोलला, टाळ्या वाजल्या. एक बाई उभी राह्यली, बोलता बोलता रडली, तरी बोलली. आन् मंग आलं, प्रणाली, महापालिका शाळा, अकोला. प्रणालीचे पालक.

पोरगी उभी राह्यली आन् तिनं मांगं पाह्यलं. खुर्च्याइवर पाह्यलं, आन् मंग मी दिसली, भिंतीपाशी, ट्रेसकट. आन् मी काय केलं, तर मी उभी राह्यली जशी आमच्या शाळेत उभी राह्यतो तशी. मी वाट पाहून राहिली, का आता कोनी तरी माह्याकडं पाहून हासन आन् म्हनन, पालक हजर हाय बरं. इतके वर्षं तसंच झालं ना, मले दुसरं येतच नव्हतं. पन तथी मले ओळखनारं कोन व्हतं, एक माह्यी पोरगी सोडून. मॅडमनं परत इचारलं, पालक आलेत का. मी मान खाली घातली आन् ट्रेमधल्या कपायकडं पाह्यलं. वाक्य पाठ व्हतं, तोंडापावतर व्हतं. आन् मी पोरीचा आवाज ऐकला, बारीक, नाई आले. मॅडम म्हनल्या, बरं, बस, नाव मागे ठेवूया. समोरच्या मानसानं हात पुढं केला, मी त्याले चहा देल्ला.

वापस येतानी गाडीत ते खिडकीपाशी बसली, मी इकडून. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर आलं. मले वाटून राह्यलं का हिले माह्यी लाज वाटली, आन् वाटाचीच, कोनत्या पोरीले वाटनार नाई. मूर्तिजापूरले गाडी थांबली तवा मी म्हनलं, पानी पेतं का. ते म्हने, तू मान खाली काहून घातली आई. तू मान खाली घातली तवा मले वाटलं तुले सांगाचंच नाई. म्हनलं, मले वाटलं तुले नसन सांगाचं. ते खिडकीबाहेर पाहत म्हने, मलेबी लाज वाटली. म्हनलं, माह्यी का? म्हने, तुह्यीबी, आन् माह्यीबी. खोटं बोलली नाई पोरगी, हे बरं केलं. पन ते दोन शब्द माह्या कानात अजून हायेत, मी गंज घासत राह्यतो आन् मधातच आठवतात, आन् मले एकटीलेच ऊन ऊन होते तोंडाले.

घरवाल्यानं इचारलं काय झालं, मी म्हनलं पाहू म्हनले. सराइले काय सांगू, ते दारात येऊन उभे, इतका आनंद तोंडावर. त्याइले खरं सांगा लागलं. ते खाली पाहत राह्यले, मंग म्हने, आमच्या सभेत आमीच तुमाले कधी बसवलं नाई. आता त्याइलेबी लाज वाटून राहिली, मलेबी, पोरीलेबी, सारे आपले लाजून बसले, आन् जागा तिकडं दुसऱ्याची होऊन राहिली. शकीलाले राग आला. म्हने, ट्रे उठाया तो उठाया, मुंह किसने बंद किया था, कल खिचडी मैं अकेली बना लूंगी, तू जा. तिनं माह्या हातातली पळी हिसकून घेतली.

दुसऱ्या दिवशी एकटीच अमरावतीले गेली. मॅडमच्या खोलीत गेली तर त्याइनं मले पाह्यलं, म्हनल्या, तुम्ही त्या दिवशी चहा देत होतात ना? म्हनलं, हो, मी प्रणालीची आई. त्याइनं मले बसाले सांगतलं. मंग म्हनल्या, माझं चुकलं, मी तुम्हाला विचारायला हवं होतं. म्हनलं, नाई मॅडम, ट्रे माह्या हातानं मी उचलला, तुमी देल्ला नाई. मंग मी उठून उभी राह्यली आन् म्हनलं, मी सुनंदा, प्रणालीची आई, मी पोरीले मधातून काढनार नाई, तिले जितकं शिकाचं तितकं शिकू देइन. खोलीत मॅडम आन् मी, दुसरं कोनीच नव्हतं, पंखा फिरून राहिला व्हता. मॅडम म्हनल्या, आता याची गरज नव्हती हो. म्हनलं, असू द्या, पाठ केलं हाय.

जागा गेली व्हती. मेळघाटातल्या एका पोरीले देल्ली, तिचा बाप कुठून कुठून पायी येऊन वेळेवर उभा राह्यला व्हता. मॅडम म्हनल्या, मी वर बोलून पाहते, काही बदल करता आला तर. म्हनलं, तिची काढू नोका. हे काही मोठेपन नाई ताई, तिचा बाप बोलला, मी बोलली नाई, इतकंच. मंग मॅडमनं सांगतलं, रविवारी वर्ग राह्यते, त्यात बाहेरची पोरगी बसू शकते, आन् होस्टेलात जागा खाली झाली तर पह्यलं नाव प्रणालीचं. म्हनलं, चालन.

आता दर रविवारी आमी मायलेकी जातो. अकोल्याहून पह्यली गाडी, संध्याकाळी वापस. बाकीच्या पोरी तथीच राह्यतात, आठवडाभर शिकतात, माह्यी ते एका दिवसात धराले पाह्यते, आन् येतानी माह्या खांद्यावर झोपून जाते, तोंड उघडं टाकून, इतकी थकते. मी तवा बोलली असती तर हे सारं तिले होस्टेलात, झोपल्या जागी भेटलं असतं. नववीले शाळा बदलली तरी इंगळे सर आठवड्याचं जमन तितकं सांगतात, त्याइनं ते अलमारीबी उघडली, म्हने फुटली काच तर मी पाहीन. पन किती केलं तरी हे काही होस्टेल नाई. होस्टेलातली जागा अजून खाली झाली नाई, आन् कोनाची व्हावी असं मी म्हनतबी नाई, कोनाची खाली होनं म्हनजे कोनाची तरी पोरगी घरी जानं.

वर्गाच्या बाहेर पडवीत खुर्च्या हायेत. मी खुर्चीवर बसतो, दरवाज्याच्या समोरच, पोरीनं मान वळवली तर दिसो असं. पह्यल्या रविवारी त्या म्हाताऱ्या बाईनं चहा आनला, मी उठून ट्रे घ्याले गेली, ते म्हने, बसा हो बाई. बसून चहा प्याची सवय अजून नाई लागली. वर्गातल्या पोरी येता जाता माह्याकडं पाहत, प्रणालीनं त्याइले माह्याबद्दल काय सांगतलं मले ठाऊक नव्हतं. त्यातल्या काही त्या दिवशी हॉलात व्हत्या, त्याइनं आपल्या मायबापाले माह्या हातचा चहा पेतानी पाह्यलं असन. मी पोरीले इचारलं नाई. इचाराचा हक्क मले वाटला नाई.

मांगच्या रविवारची गोष्ट सांगतो, मंग बस करतो, तुमाले गाडी असन. दुपारी वर्ग सुटला, एक पोरगी पळत आली, सावळी, बारकी, हातात रिकामी बाटली. म्हने, काकू, तुमी प्रणालीच्या आई ना, तिनं सांगतलं माह्या आईजवळ पानी हाय, ते तथी बसली हाय. मांगं पाह्यलं तर प्रणाली वर्गाच्या दारात उभी, इकडंच पाहून राहिली, मान खाली नाई घातली तिनं. मी थैलीतली बाटली काढली आन् त्या पोरीची भरून देल्ली. इचारलं, तू कोनत्या गावची बापा. ते म्हने, मेळघाटची. मी झाकन घट्ट लावून देल्लं. पानी देनं, चहा देनं, हे तर मी जलमभर करून राहिली, पन त्या दिवशी ते मी खुर्चीवर बसून देल्लं. शिकोत बापा, दोघीबी शिकोत.